ऐपतीचा दाखला

दत्तक घेण्याची हौस आपल्याकडं दांडगी. बँक चौक दत्तक घेते. सराफाचं दुकान रस्त्यामधला दुभाजक दत्तक घेतं, त्यात चार झेंडू लावतं आणि झेंडूपेक्षा उंच स्वतःच्या नावाची पाटी लावतं. 2014 पासून खासदार गावं दत्तक घेतात. गावाला ते कधी कळतं, कधी नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर वाघ-बिबटेही दत्तक मिळतात. वाघाला वर्षाचे 3 लाख 10 हजार आणि बिबट्याला 1 लाख 20 हजार, असा दर पेपरात छापून आला होता. एका केंद्रीय मंत्र्यांनी बिबट्या घेतल्याचा फोटोही पाहिला. मंत्री हसत होते. बिबट्याचं मत छापलं नव्हतं.

यातल्या एकालाही कुणी विचारत नाही, की बाबा रे, तुझं लग्न झालंय का, घरात कोणकोण असतं, रात्री बिबट्या रडला तर कोण उठणार? हे सगळे प्रश्न राखून ठेवलेत माणसाचं मूल दत्तक घेणाऱ्यासाठी. ते विचारायलाच हवेत, यात वाद नाही. पण विचारणारा अधिकारी एक असतो आणि त्याच्या मागं न नेमलेले अधिकारी शंभर असतात. त्यात इच्छुक बापाचा खिसा हलका असला, तर या शंभरांना चौकशीचा हुरूप जास्तच येतो.

आमचा भाचा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला. पगार आठवड्याला, हातावर रोख. भाचेसून घरी पिको-फॉल करते. लग्नाला बरीच वर्षं झाली आणि पाळणा काही हलेना. टेस्ट ट्यूब बेबीच्या एका दवाखान्यात दोघं एकदाच जाऊन आली. एका फेरीचे दीड-दोन लाख, आणि फेरी फुकट गेली तर पुढची फेरी नव्यानं, हे ऐकून भाचा म्हणाला, "मामा, हे भिशीसारखं वाटतंय, फक्त यात नंबर लागेलच असं नाही." मग 2018 मध्ये दोघांनी ठरवलं, दत्तक घ्यायचं.

ही बातमी फुटली आणि घरात अर्थतज्ज्ञ गोळा झाले. आमची अक्का, म्हणजे भाच्याची आई, पहिल्यांदा एकच म्हणाली, "दत्तक राजेलोकांत घेत्यात." तिचंही चूक नव्हतं. तिला माहीत असलेली दत्तकं सगळी गाद्यांची. शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा मुलगा 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला आणि राजर्षी शाहू झाला. त्याआधी 1875 मध्ये मालेगावजवळच्या कवळाण्यातला शेतकऱ्याचा पोरगा उचलून बडोद्याला नेला, तो सयाजीराव. झाशीला 1853 मध्ये घेतलेलं दत्तक डलहौसीनं नामंजूर केलं आणि राज्यच घशात घातलं. थोडक्यात, गरिबानं मूल द्यायचं आणि श्रीमंतानं घ्यायचं अशी जुनी रीत. आमच्या भाच्यानं तिची दिशाच उलटी केली. त्याचं दत्तक नामंजूर झालं असतं, तर डलहौसीच्या हाती फार तर पिकोचं मशीन लागलं असतं.

मी अक्काला म्हटलं, "अगं, फुल्यांनी घेतलं होतं की. काशीबाई नावाच्या विधवेचा यशवंत. कुठली गादी होती त्यांच्याकडं? तरी पोरगा डॉक्टर झाला." अक्का गप्प बसली. फुल्यांचं नाव काढलं की आमच्याकडं माणूस गप्प बसतो. पटलं म्हणून नव्हे, पुढं बोलायला अवघड जातं म्हणून.

मग आले ओळखवाले. प्रत्येक घराण्यात असा एक जण असतो, ज्याची ओळख ससूनपासून मंत्रालयापर्यंत असते आणि उपयोग कुठंच होत नाही. आमच्याकडचे हे गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "सरकारी भानगडीत कशाला पडता? माझ्या वळखीचं एक हॉस्पिटल हाय. दोन-अडीच लाखांत बाळ थेट हातात. कागदबिगद सगळं करून देत्यात." भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हायस्कुलात क्लार्क म्हणून जन्म काढलेला. कलम म्हटलं की मला हुशारी येते. सांगितलं, की 2015 च्या बाल न्याय कायद्यात 81 वं कलम आहे. मूल विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. त्यावर भाच्यानं हिशेब मांडला: अडीच लाख, वर एक लाख, वर पाच वर्षांचा बुडीत पगार. "आणि सरळ मार्गानं?"

सरळ मार्गाचे दर तेव्हा 2017 च्या दत्तक नियमावलीत छापलेले होते. नोंदणी आणि गृहभेटीचा अहवाल मिळून 6,000. मूल स्वीकारताना दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बालसंगोपन निधीला 40,000. पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणीची भेट, दर भेटीला 2,000. एकूण 54,000. यापलीकडं देणगी म्हणून संस्थेनं एक रुपया मागायचा नाही. कायद्याचा रस्ता आडमार्गापेक्षा स्वस्त असल्याचं हे आपल्या देशातलं बहुधा एकमेव उदाहरण. एवढ्यामुळंच लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही. ओळखवाले शेवटपर्यंत म्हणत राहिले, "एवढ्यात हुतंय व्हय? आत काहीतरी घेत असणारच." पुढं 6,000 भरल्यावर भाच्याला छापील पावती मिळाली. ती त्यांना दाखवली, तर त्यांनी ती उन्हाला धरून पाहिली.

पैशाचं असं सोपं निघालं. अवघड निघाले कागद.

पॅनकार्ड होतं. जन्मदाखले गावाकडून आणले. मग हवा होता विवाह नोंदणीचा दाखला. भाच्याच्या लग्नाला गाव जेवलं होतं, पण त्या पंगतीतल्या कुणीही लग्न सरकारदरबारी कळवलं नव्हतं. इतक्या वर्षांनी उशिराचं शुल्क भरून, साक्षीदार उभे करून, पत्रिका शोधून लग्न सिद्ध करावं लागलं. पत्रिका मिळाली ती अक्काच्या ट्रंकेच्या तळाशी, साड्यांखाली अंथरलेली. त्या दिवशी कचेरीतून बाहेर पडताना भाचेसून म्हणाली, "आता सोडून जायचीबी सोय राहिली नाही."

यानंतर आला उत्पन्नाचा पुरावा, आणि इथं आमच्या तहसील कचेरीच्या इतिहासात एक अपूर्व प्रसंग घडला.

यंत्रमाग कामगाराला पगाराची चिठ्ठी नसते. आठवड्याच्या शेवटी किती मीटर कापड विणलं त्याचा हिशेब होतो, उचल वजा होते, उरेल ते खिशात. त्यामुळं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढणं भाग होतं. आता हा दाखला महाराष्ट्रात लोक कशासाठी काढतात हे सर्वांना ठाऊक आहे. फी माफ व्हावी, शिष्यवृत्ती मिळावी, रेशनकार्ड पांढरं होऊ नये. दाखल्यावरचा आकडा जितका खाली तितका तो दाखला कामाचा. चारचाकीतून उतरून, गॉगल कपाळावर सरकवून, "साहेब, एकवीस हजारांत बसवा की" म्हणणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत.

भाचा तलाठ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, उत्पन्न सगळं धरा. काही सोडू नका. पिकोचंबी धरा."

तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. "जास्त दाखवायचंय?"

"जास्त नाही साहेब. आहे तेवढं."

"आहे तेवढं?" असं म्हणून त्यानं शेजारच्या टेबलावरच्या कोतवालाला हाक मारली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत आहे तेवढं उत्पन्न मागणारा माणूस त्याला पहिल्यांदा भेटला होता. अडचण पुढं आली. भाच्याचं रेशनकार्ड केशरी. केशरी म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. दाखल्यात आकडा येत होता 1 लाख 60 हजार. पुरवठा खात्याच्या लेखी भाचा गरीब, आणि दत्तक प्राधिकरणाच्या लेखी त्याला 'आर्थिकदृष्ट्या सक्षम' व्हायचं होतं. एकाच सरकारच्या दोन खिडक्यांवर एकाच माणसाला दोन तोंडं घेऊन उभं राहायचं होतं. तलाठी मात्र भला निघाला. म्हणाला, "मूल आणायलायस ना? लिहितो खरं. रेशनचं रेशनवाले बघतील." रेशनवाल्यांनी अजून तरी बघितलेलं नाही. ही गोष्ट छापून आल्यावर बघतील.

गंमत अशी, की नियमावलीत उत्पन्नाचा किमान आकडा कुठंही नाही. पालक शरीरानं, मनानं ठीक असावेत, आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत, एवढंच. आकडा सरकारनं मोकळा सोडला, तो भरायचं काम नातेवाइकांनी अंगावर घेतलं. एक आत्या म्हणाल्या, महिना पन्नास हजार तरी पाहिजेत. त्यांची स्वतःची चार मुलं मिलच्या पगारात वाढली, पण ती आपली आपण झालेली. त्यांना परवानगी लागली नव्हती. घरात आपोआप येणाऱ्या मुलाच्या बापाला दवाखान्याच्या दारात पगार विचारला असता, तर इचलकरंजीची लोकसंख्या आज किती असती याचा विचार कुणीतरी करायला हवा.

कागदांत दोन ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रंही लागतात. एक दिलं मागाच्या मालकानं आणि दुसरं मी. नोकरीत मी शेकडो पोरांना 'वर्तणूक चांगली' असे दाखले लिहून दिले. त्यातले काही पुढं नगरसेवक झाले. त्यामुळं हात सरावलेला. 'सदर दाम्पत्य माझ्या परिचयाचे असून' इथपर्यंत पेन सुसाट गेलं. 'आर्थिकदृष्ट्या' या शब्दाशी मात्र अडलं, कारण भाच्याकडून माझे तीनशे रुपये यायचे होते. शेवटी लिहिलं, 'घेतलेले पैसे परत करण्याची सवय आहे.' दुसऱ्या दिवशी भाचा तीनशे रुपये घेऊन हजर. म्हणाला, "मामा, सरकारला खोटं कळवायला नको."

मग गृहभेट. समाजसेविका येणार म्हटल्यावर अक्कानं घराचा रंगमंच केला. वरच्या मजल्यावरून सोफा उतरवला, शेजारच्या वहिनींचा फ्रिज ढकलत आणला, कॉटवर लग्नातली चादर. दोन खोल्यांत आता माणसांना उभं राहायला जागा नव्हती, पण ऐपत ओसंडून वाहत होती. समाजसेविका आल्या, बसल्या, पाणी प्याल्या आणि सहज म्हणाल्या, "फ्रिजची वायर लावायची राहिलीय का?" वायर पोचेल असं बटणच त्या खोलीत नव्हतं. अक्का म्हणाली, "थंडीत बंद ठेवतो." तेव्हा मे महिना होता.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मावशी, मला फ्रिज बघायचा नाही. बाळाला काय द्याल ते सांगा."

त्यांनी भाच्याला विचारलं, रात्री बाळ रडलं तर कोण उठणार? भाचा म्हणाला, "मॅडम, मला रात्रपाळी असती तेव्हा मी जागाच असतो. दिवसपाळीला ही उठंल. दोघंबी झोपलो तर खाली शंभर माग खडखडत्यात, बाळच झोपायला शिकंल." बाई लिहीत होत्या. मग विचारलं, पैशाची अडचण आली तर? यावर भाचा उठला आणि किराणा दुकानाची उधारीची वही घेऊन आला. लाल कापडी बांधणीची, कोपरे तेलकट. पानापानावर डाव्या बाजूला साखर, तूरडाळ, गोडेतेल, आणि आठवड्याच्या आठवड्याला खाली दुकानदाराच्या अक्षरात 'जमा'. एकही आठवडा सुटलेला नव्हता. बाईंनी वही पुरी चाळली. बँकांनी बड्या कर्जदारांची खाती इतक्या बारकाईनं पाहिली असती, तर काही जण लंडनला गेले नसते.

अहवाल चांगला गेला आणि सुरू झालं वाट पाहणं. देशात मूल हवं असलेले पालक हजारोंनी रांगेत आणि कायद्यानं दत्तकाला मोकळी झालेली मुलं त्या मानानं फारच थोडी. त्यामुळं लहान बाळासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पैसेवाल्यांना ही रांग फार टोचते, कारण पैसे देऊन पुढं जाता न येणारी रांग त्यांनी पाहिलेली नसते. भाच्याला मात्र ती पावली. तीन वर्षं धरली, तर चाळीस हजार भागिले छत्तीस महिने, म्हणजे महिना 1,111 रुपये. "मामा, हा तर आहेराचा आकडा!" म्हणून त्यानं दर महिन्याला पाकिटात तेवढे घालायला सुरुवात केली. सरकारनं बिनव्याजी हप्त्यांची सोय केलीय आणि त्याची जाहिरातही करत नाही, असं त्याचं मत झालं.

2020 च्या टाळेबंदीत माग बंद पडले तेव्हा पाकीटही बंद पडलं. त्यातले काही अकराशे अकरा तांदळात आणि डाळीत गेले. माग पुन्हा सुरू झाल्यावर मालकानं उचल दिली आणि पाकिटाचं भोक बुजवलं. शिफारसपत्रात आपण काय लिहिलंय हे त्याच्या लक्षात असावं.

मेसेज आला तो 2021 मध्ये, सकाळी. दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर बाळाचा फोटो, तब्येतीचा अहवाल, आणि होकार कळवायला 48 तास. भाच्याचा डेटा पॅक आदल्या रात्री संपला होता. भाचेसून धावत रिचार्जच्या दुकानात गेली, दुकानदारानं कारण विचारलं, तिनं सांगितलं, आणि त्यानं रिचार्ज तर मारलाच, वर गल्लीभर बातमीही मोफत पोचवली. पहिला होकार गल्लीचा गेला, पोर्टलवर नंतर.

बाळाला आणायला दोघं एसटीनं गेली. मुलगी, वर्षाला थोडी कमी. संस्थेनं तपासणी, कागद, करारनामे सगळं सांगितलं. कोर्टातला अर्ज तीच करणार होती. चाळीस हजारांची पावती मिळाली. जाताना दोन तिकिटं लागली होती आणि परतताना तिघं असूनही दोनच. एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट. भाच्यानं कंडक्टरला ते मुद्दाम दोनदा विचारून घेतलं, कारण एवढ्या कागदांनंतर काहीतरी विनाकागद मिळतंय यावर त्याचा विश्वास बसेना.

रजेचं म्हणाल तर प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेणाऱ्या नोकरदार आईला बारा आठवडे भरपगारी दिले. पण बाळ सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला कायदाच दोन महिने देतो. पुढं दाखले, तपासण्या, पोर्टल. तेवढ्यात बाळ तीन महिने ओलांडून रांगायच्या तयारीला लागतं. म्हणजे रजा होती, बाळही होतं, फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. भाचेसुनेला याचा काही फरक पडला नाही. पिकोच्या मशिनला रजा ठाऊकच नसते. तिनं झोळी मशिनच्या शेजारी बांधली.

आता खर्चाचं खरं प्रकरण. बाळ आलं 40,000 मध्ये, बारसं झालं त्याहून जास्तीत. भाचा म्हणत होता घरातच करू. पण दत्तक म्हणून कमी केलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून हॉल. हॉल म्हणून मांडव. मांडव म्हणून जिलेबी. जिलेबी म्हणून मठ्ठा. सर्वांत पुढं बसून जेवल्या त्या पन्नास हजारांवाल्या आत्या. जेवून झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, "एवढी ऐपत होती तर आधीच का नाही आणलं?"

पुढं दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविका येत राहिल्या. पोरगी कशी आहे, खाते काय, लस टोचली का, सगळं पाहून जायच्या. भाचा भेटीचे दोन हजारही द्यायचा आणि कांदेपोहेही. दत्तक गावांना अशा चार भेटी मिळाल्या असत्या, तर त्यांतल्या काहींनी नक्की बाळसं धरलं असतं.

गेल्या वर्षी पोरीच्या शाळेचा विषय निघाला. शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना मोफत असतात, आणि आपल्या राज्यात दुर्बल घटकात बसायला पालकांचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत लागतं. भाचा परत त्याच तलाठ्यासमोर. यावेळी मीही सोबत होतो. तलाठ्यानं कॉम्प्युटरात पाहिलं आणि मान हलवली. "1 लाख 60 हजार. मीच लिहून दिलंय. आता खाली कसं आणू? मूल पाहिजे तेव्हा तू श्रीमंत, शाळा पाहिजे तेव्हा गरीब. एक काहीतरी ठरव की!"

भाचा म्हणाला, "साहेब, मी तोच हाय. फक्त खिडकी बदलली."

मोफत जागा गेली. पोरीला गल्लीतल्या अंगणवाडीत घातली. तिथं बापाचं उत्पन्न विचारत नाहीत, पोराचं वजन करतात. पहिल्याच दिवशी सेविकेनं तिला काट्यावर उभी केली, तक्त्यात बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगलं खातंय की!" तेवढ्यात अक्कानं पिशवीतून पोरीचा डबा काढून सेविकेपुढं धरला, चपाती-गुळाचा, आणि ताठ मानेनं सांगितलं, "आमच्यात फ्रिजबी हाय." या खेपेला खरंच होता, आणि वायरही लावलेली होती. चौदा हप्ते बाकी आहेत.